जुन्या पीसीला नेटवर्क देताना

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं आणि सीनेवरचा पूल ओलांडला की नागापूर लागतं. एमआयडीसीच्या शेडच्या रांगा इथूनच सुरू होतात. मोठे कारखाने मोजके, आणि त्यांना सुटे भाग, डाय, फिक्स्चर पुरवणारे छोटे कारखानदार भरपूर. मोठ्या कारखान्याचा मालक बदलतो. इथला लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. पण पुरवठादाराच्या कपाटातली डाय तीच राहते, ड्रॉइंग तेच राहतं आणि त्या डायचा सीएनसी प्रोग्रामही तोच राहतो. हे प्रोग्राम पुष्कळदा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर असतात. त्यावर विंडोज एक्सपी असतं, क्वचित विंडोज ९८. त्यातलं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसत नाही, आणि ते बनवणारी कंपनी एकतर नव्या आवृत्तीचे भरमसाट पैसे मागते किंवा आता धंद्यातच नसते.

अशा पीसीची हार्ड डिस्क आवाज करू लागली की वाट पाहू नका. डिस्क चालू आहे तोवर ती जशीच्या तशी उतरवून घ्या आणि नव्या पीसीत व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवा. सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी हे मोफत साधन चालत्या विंडोजची अख्खी डिस्क एका फाइलीत उतरवतं. एक्सपीसाठी त्याची जुनी आवृत्ती लागते. ती फाइल व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामला थेट उघडता येते. जुना पीसी मग नव्या पीसीच्या पडद्यावर एका खिडकीत सुरू होतो, तोच डेस्कटॉप, तेच आयकॉन. विंडोजला हार्डवेअर बदललेलं दिसतं, त्यामुळे एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. मूळ सीडी-की आणि बिल हाताशी ठेवा. पुढे मी नव्या पीसीला ‘बाहेरचा’ आणि खिडकीत चालणाऱ्याला ‘आतला’ म्हणणार आहे.

इथपर्यंतचं काम संगणक दुरुस्त करणारा कोणीही जाणकार एका दुपारी करून देतो. अडतं ते नेटवर्कपाशी. आतला पीसी सुरू होतो, पण त्यातली फाइल बाहेर काढता येत नाही, मशीनला प्रोग्राम जात नाही, प्रिंटर दिसत नाही. मग कोणीतरी सेटिंगमध्ये एकामागून एक पर्याय लावून पाहतो आणि ज्याच्यावर चालतं तिथे थांबतो. ही पद्धत धोक्याची आहे, कारण सगळ्यात जास्त उघडा पर्यायच सगळ्यात आधी चालतो. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाले, विंडोज ९८ला तर ११ जुलै २००६ पासूनच. अशा पीसीला कामापुरतंच नेटवर्क द्यायचं असतं.

म्हणून माउसला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा: आतल्या पीसीला कोणाशी बोलायचं आहे? फक्त बाहेरच्या पीसीशी? एखाद्या मशीनशी? ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीशी? इंटरनेटशी? बहुतेक शेडमध्ये खरं उत्तर ‘बाहेरचा पीसी आणि एक मशीन’ एवढंच निघतं. इंटरनेटची गरज जवळपास कोणालाच नसते. तसाही एक्सपीमधला जुना इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बहुतेक वेबसाइट उघडू शकत नाही, कारण आजच्या वेबसाइटना लागणारं एन्क्रिप्शन त्याला येत नाही.

कागदावर मशीनचं नाव आलं असेल तर आधी मशीनच्या मागे जाऊन पाहा की केबल कुठली आहे. जुन्या टर्निंग सेंटरला किंवा व्हीएमसीला आरएस-२३२ची सिरियल केबल असेल, तर त्या कामाला नेटवर्क लागतच नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सिरियल पोर्ट’ म्हणून वेगळा भाग आहे. तिथे पोर्ट चालू करा, प्रकार ‘होस्ट डिव्हाइस’ निवडा आणि बाहेरच्या पीसीवर त्या पोर्टचं जे नाव आहे, कॉम-१, कॉम-३ वगैरे, ते लिहा. आतल्या पीसीला तो आपला स्वतःचा कॉम-१ वाटतो आणि मशीनला प्रोग्राम पाठवणारं डीएनसी सॉफ्टवेअर पूर्वीसारखं चालतं. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट हे सगळं मशीनच्या पॅरामीटरमध्ये आहे तेच ठेवा.

नव्या पीसीला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि इथे एक गोष्ट हमखास घडते. साफसफाई करताना कोणी कन्व्हर्टर काढतो, नंतर दुसऱ्या यूएसबी भोकात लावतो, आणि काल कॉम-३ होता तो आज कॉम-५ होतो. व्हर्च्युअल मशीनला कॉम-३ सापडत नाही, ती सुरूच होत नाही, आणि ऑपरेटर समजतो की सगळं उडालं. बाहेरच्या पीसीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन नंबर परत ३ करा. त्याहून सोपं म्हणजे कन्व्हर्टरवर आणि यूएसबी भोकावर एकाच रंगाची टेप चिकटवा आणि तिथून हलवू नका.

आता नेटवर्क. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी मशीन बनवली की तिला आपोआप ‘नॅट’ मिळतं. या पर्यायात आतल्या पीसीला १०.०.२.१५ हा पत्ता येतो, गेटवे १०.०.२.२ असतो. कंपनीच्या ईपीएबीएक्सवरच्या एक्स्टेन्शनसारखं हे आहे: आतून बाहेर फोन लावता येतो, पण बाहेरच्याला त्या एक्स्टेन्शनवर थेट नंबर फिरवता येत नाही. ऑफिसातल्या इतर पीसींना आतला पीसी दिसतच नाही. त्यांना फक्त बाहेरचा पीसी दिसतो. एखादी सेवा बाहेरून पोचवायचीच असेल तर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये तेवढी एक वाट उघडून देता येते.

या नॅटचं मूळ अशा जागी आहे की आपल्याकडच्या जुन्या इंटरनेटवाल्यांना ते ओळखीचं वाटेल. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल खातं, पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रं दाखवणारं टीसीपी-आयपी खातं महाग. जगभर अशाच शेल खात्यांसाठी त्या सुमारास डॅनी गॅस्पारोव्हस्की यांनी ‘स्लर्प’ नावाचा प्रोग्राम लिहिला. शेल खात्याच्या आतून तो पूर्ण नेटवर्कचा भास तयार करायचा. खरं नेटवर्क हाती नसताना एका साध्या प्रोग्रामच्या आडून सगळं नेटवर्क चालवायचं, ही गरज एका पीसीत दुसरा पीसी चालवणाऱ्या इम्युलेटरचीही तीच. त्यामुळे क्यूईएमयू, ८६बॉक्स, व्हर्च्युअलबॉक्स या सगळ्यांच्या नॅटमध्ये त्याच स्लर्पचा वंश आहे, आणि म्हणूनच तिन्हीकडे तोच १०.०.२.१५ दिसतो.

नॅट वाईट नाही, पण आतला पीसी त्यातून इंटरनेटवर जातो, आणि एवढंच नाही, ऑफिसच्या नेटवर्कवरही जाऊ शकतो. चुकून आत एखादा व्हायरस आला तर तो आतून बाहेर हात पसरू शकतो. म्हणून नॅट फक्त तात्पुरत्या कामाला वापरा. काम झालं की व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘केबल कनेक्टेड’ ही खूण काढा. मशीन चालू असतानाही ती काढता-घालता येते. खऱ्या पीसीची लॅन केबल उपसण्याइतकंच हे पक्कं काम आहे, आणि खुर्चीवरून न उठता होतं.

माझ्या मते नागापुरातल्या दहातल्या आठ शेडना लागतो तो पर्याय ‘होस्ट-ओन्ली’ आहे. यात आतला पीसी आणि बाहेरचा पीसी एवढ्या दोघांमध्येच एक खासगी तार टाकली जाते. ऑफिसचं नेटवर्क नाही, राउटर नाही, इंटरनेट नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये अशी एक तार बहुधा आधीच तयार असते आणि बाहेरच्या पीसीचा तिच्यावरचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो. व्हर्च्युअल मशीन बंद करून तिच्या ॲडॉप्टर १ला ‘होस्ट-ओन्ली ॲडॉप्टर’ करा. मग आतला पीसी सुरू करून त्याच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये, टीसीपी-आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये, पत्ता हाताने लिहा: १९२.१६८.५६.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएसच्या जागा मुद्दाम रिकाम्या सोडा. या तारेवर आपोआप वाटले जाणारे पत्ते १०१पासून पुढचे असतात, त्यामुळे १०शी भांडण होत नाही.

हा पत्ता लिहिताना एक्सपी कधीकधी एक विचित्र संदेश दाखवतं: हा पत्ता दुसऱ्या, सध्या न दिसणाऱ्या ॲडॉप्टरला आधीच दिलेला आहे, वेगळा पत्ता लिहायचा का? घाबरू नका. तो न दिसणारा ॲडॉप्टर म्हणजे जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचं लॅन कार्ड. ते कार्ड आता अस्तित्वात नाही, पण त्याची नोंद डिस्कबरोबर इकडे आली आहे. ‘नाही’ म्हणा आणि पुढे जा.

आणखी एक अडथळा याच्या आधीच येतो. आतल्या पीसीत लॅन कार्डच दिसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’समोर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. याचा अर्थ व्हर्च्युअलबॉक्स जे नकली कार्ड देतंय त्याचा ड्रायव्हर एक्सपीत नाही. व्हर्च्युअल मशीन बनवताना चुकून विंडोज १० वगैरे प्रकार निवडला गेला की असं होतं. नेटवर्कच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात कार्डाचा प्रकार बदलून ‘पीसीनेट-फास्ट थ्री’ किंवा ‘इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर’ करा. एक्सपी दोन्ही स्वतःहून ओळखतं. विंडोज ७ असेल तर उलट, त्याला ‘इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप’ चालतं आणि पीसीनेट चालत नाही. ड्रायव्हरची सीडी शोधत बसण्याऐवजी कार्ड बदलणं हा इम्युलेटरचा मोठाच फायदा आहे.

तार जोडली गेली, आता फाइली कशा न्यायच्या? पहिला मोह होतो तो पूर्वीसारखं फोल्डर शेअर करण्याचा. ते होणार नाही. एक्सपी ज्या जुन्या एसएमबी-१ पद्धतीने फोल्डर शेअर करतं, ती मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या २०१७च्या अखेरच्या आवृत्तीपासून नव्या पीसीवर बसवणंच थांबवलं. बाहेरच्या पीसीच्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन ती परत चालू करता येते, आणि बरेच जण तेच करतात. कृपा करून करू नका. बंद करण्यामागचं कारण महाराष्ट्राने स्वतः पाहिलं आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधून जगभर पसरला आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्यात अडकलं, कंटेनरची कामं खोळंबली. हा हल्ला पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट म्हणजे याच एसएमबी-१मधली फट होती. जागतिक शिपिंग कंपनीच्या टर्मिनलला जे झेपलं नाही ते पाच-सहा पीसींच्या ऑफिसला झेपणार नाही.

मग दोन चांगल्या वाटा उरतात. पहिली, व्हर्च्युअलबॉक्सचं ‘शेअर्ड फोल्डर’. आतल्या एक्सपीत ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवलं की बाहेरचं एक फोल्डर आत एखाद्या ड्राइव्हसारखं दिसतं, आणि हे नेटवर्कविना चालतं. तुमचं काम एवढ्यात भागत असेल तर नेटवर्क ॲडॉप्टरच बंद ठेवा. विंडोज ९८साठी मात्र गेस्ट ॲडिशन्स नाही, तिथे दुसरी वाट: एफटीपी. बाहेरच्या पीसीवर फाइलझिला सर्व्हर बसवा आणि तो फक्त १९२.१६८.५६.१ याच पत्त्यावर ऐकेल असं सेटिंग करा. हे महत्त्वाचं आहे. नाहीतर तो ऑफिसच्या वायफायवरही दार उघडून बसतो. त्याने एन्क्रिप्शनचा आग्रह धरला तर या एका पत्त्यापुरतं साधं एफटीपी चालू करा, कारण जुन्या विंडोजला ते एन्क्रिप्शन येत नाही. एक वेगळं खातं आणि फक्त ‘प्रोग्राम’ नावाच्या एका फोल्डरची परवानगी, एवढंच द्या.

एफटीपीचं लॉगिन होतं, पण फाइलींची यादी मागितली की पडदा थांबून राहतो, अशी तक्रार वारंवार येते. एक्सपीच्या अंगचा एफटीपी जुन्या ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीने चालतो, म्हणजे यादी पाठवायला सर्व्हरच उलटा आतल्या पीसीकडे जोडणी करतो, आणि एक्सपीची फायरवॉल ती अडवते. फायरवॉलच्या ‘एक्सेप्शन’मध्ये एफटीपीला परवानगी द्या, किंवा एक्सपीवर चालणारा एखादा जुना एफटीपी क्लायंट घेऊन त्यात ‘पॅसिव्ह’ निवडा. लॉगिनच होत नसेल तर दोष बाहेरच्या पीसीत शोधा. होस्ट-ओन्ली तारेला गेटवे नसल्यामुळे विंडोज तिला ‘अनोळखी’ आणि ‘पब्लिक’ नेटवर्क समजतं आणि तिच्यावरून येणारं सगळं अडवतं. फायरवॉलमध्ये एफटीपी सर्व्हरला तेवढी सूट द्यावी लागते. संपूर्ण फायरवॉल बंद करून ‘चाललं बघा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

नव्या पिढीच्या मशीनला मागे लॅनचं भोक असतं आणि तिच्याशी बोलायचं जुनं सॉफ्टवेअर आतल्या पीसीत असतं. इथे ‘ब्रिज्ड’ ॲडॉप्टरला पर्याय नाही. ब्रिज म्हणजे आतला पीसी थेट खऱ्या केबलवर उतरतो, त्याला स्वतःचा मॅक पत्ता आणि स्वतःचा आयपी पत्ता असतो, आणि त्या केबलवरच्या सगळ्यांना तो स्वतंत्र पीसी म्हणून दिसतो. हेच ब्रिजचं बळ आणि हाच धोका. ऑफिसच्या राउटरला जोडलेल्या कार्डावर ब्रिज केलात तर तुमचा एक्सपी ऑफिसच्या प्रत्येक लॅपटॉपसमोर उघडा उभा राहतो.

उपाय खर्चिक नाही. बाहेरच्या पीसीत दुसरं लॅन कार्ड बसवा, साधं गिगाबिट कार्ड पुरतं. त्याची केबल फक्त मशीनकडे जाऊ द्या, राउटरकडे नाही. व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज या दुसऱ्या कार्डावर लावा. आता बाहेरच्या पीसीच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये या कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे बऱ्याच ओळींपुढे खुणा असतात: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती, सहावी आवृत्ती आणि ‘व्हर्च्युअलबॉक्स ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर’. ही शेवटची ओळ ठेवून बाकी सगळ्या खुणा काढा. कार्ड बाहेरच्या पीसीच्या अंगात आहे, पण बाहेरच्या पीसीचा स्वतःचा पत्ता त्यावर नाही. ते पूर्णपणे आतल्या पीसीचं झालं. मशीनचा पत्ता १९२.१६८.१.५० असेल तर आतल्याला १९२.१६८.१.६० द्या, मास्क तोच, गेटवे रिकामा. मशीन आणि आतला पीसी एकमेकांशी बोलतात, तिसरं कोणी त्या तारेवर नाही.

फाइली आत नेण्यासाठी याच व्हर्च्युअल मशीनला ॲडॉप्टर २ म्हणून होस्ट-ओन्ली जोडता येतं. दोन तारा, दोन वेगळे पत्ते, एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र दोन्ही तारांवर पत्त्याचे पहिले तीन आकडे वेगळे हवेत, दोन्हीकडे १९२.१६८.१ लिहिलंत तर विंडोजला कुठल्या तारेने जायचं ते कळत नाही आणि कधी चालतं कधी नाही असा छळ सुरू होतो.

वायफायवर ब्रिज करायच्या फंदात पडू नका. वायफाय राउटर एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता ओळखतो, आतल्या पीसीचा दुसरा मॅक त्याला मान्य नसतो. व्हर्च्युअलबॉक्स पत्त्यांची अदलाबदल करून यातून वाट काढतं, पण ८६बॉक्स किंवा क्यूईएमयूमध्ये हे बहुधा फसतं. मशीन शॉपमध्ये वेल्डिंग सेट आणि व्हीएफडी चालू असताना वायफायवर विसंबणं तसंही योग्य नाही.

मॅक पत्त्याबद्दल आणखी दोन गोष्टी. काही जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स लॅन कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. कार्ड बदललं की ते ‘लायसन्स सापडलं नाही’ म्हणून बसतं. जुना पीसी बंद करण्याआधी त्यावर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड ‘ऑल’सह चालवून ‘फिजिकल ॲड्रेस’ची बारा अक्षरं लिहून ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तोच पत्ता हाताने देता येतो. तुमचं विकत घेतलेलं लायसन्स तुमच्याच नव्या पीसीवर नेताना हे करावं, शक्य असेल तर विक्रेत्याला कळवून, आणि जुना पीसी त्याच नेटवर्कवर पुन्हा कधीही न जोडता. पॅरलल पोर्टला लागणारं डोंगल असेल तर मात्र आधी त्याचा निकाल लावा. ते आतल्या पीसीपर्यंत पोचवणं आजच्या पीसीवर फार अवघड आहे आणि तिथे सगळा बेत फिसकटू शकतो. दुसरी गोष्ट, व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून दुसऱ्या पीसीवर चालवाल तेव्हा नवा मॅक पत्ता तयार करण्याचा पर्याय निवडा. क्यूईएमयूमध्ये तर हाताने पत्ता दिला नाही तर प्रत्येक मशीनला एकच ठरलेला पत्ता मिळतो. एका ब्रिजवर अशा दोन आल्या की दोघीही आळीपाळीने गप्प होतात.

विंडोज ९८ किंवा डॉसवरचा फॉक्सप्रोचा स्टॉक-पगाराचा प्रोग्राम असेल तर व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा ८६बॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स बरं. ८६बॉक्स अख्खं जुनं मदरबोर्ड हुबेहूब चालवतं. त्यात रिअलटेक आरटीएल८०२९ कार्ड निवडा, नेटवर्कचा प्रकार स्लर्प ठेवा, विंडोज ९८ला पत्ता आपोआप मिळतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये एनई२००० कार्ड चालू करून डॉसमध्ये पॅकेट ड्रायव्हर चढवावा लागतो. त्यावर मायकल ब्रुटमन यांचा एमटीसीपी हा मोफत संच चालवला की डॉसलाही एफटीपी येतं. महिन्याचं पगारपत्रक बाहेर काढण्यापुरतं हे पुरेसं आहे.

कारखान्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स घेताना एका परवान्याकडे लक्ष द्या. मूळ प्रोग्राम मुक्त आहे, धंद्यातही वापरता येतो. त्याच्याबरोबर मिळणारा ‘एक्स्टेन्शन पॅक’ मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे, कंपनीत वापरायचा तर विकत घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या कुठल्याही कामाला तो लागत नाही, बसवूच नका. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं हायपर-व्ही चालू आहे आणि त्यामुळे आतला पीसी मंद चालतोय असं समजा. मंद व्हर्च्युअल मशीनमधून सिरियल पोर्टवर प्रोग्राम अडखळत जातो, तेव्हा हायपर-व्ही बंद करून घ्या.

चालत नाही तेव्हा शोधायचा क्रम पक्का ठेवा. आधी आतल्या पीसीत ‘आयपीकॉन्फिग’. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर आतल्याला कोणीही पत्ता दिलेला नाही. तार चुकीची आहे. पत्त्याऐवजी ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ दिसत असेल तर ‘केबल कनेक्टेड’ची खूण निघाली आहे. पत्ता बरोबर असेल तर लगेच पिंगवर भरवसा ठेवू नका. क्यूईएमयूच्या नॅटमध्ये बाहेरच्या जगाला पिंग साधारणपणे जातच नाही, बाकी सगळं नीट चालत असतानाही. होस्ट-ओन्लीमध्ये दोन्हीकडच्या फायरवॉल पिंग गिळून टाकतात. म्हणून ज्या कामासाठी तार जोडली तेच काम करून पाहा, एफटीपी तर एफटीपी, मशीनची जोडणी तर मशीनची जोडणी.

बाहेरच्या पीसीचं विंडोज रात्री अपडेटसाठी स्वतःहून रीस्टार्ट होतं, आणि त्याबरोबर आतला पीसीही जातो. मशीनला मेमरी कमी असल्याने लांबलचक प्रोग्राम थोडाथोडा पाठवणारी ड्रिप फीड रात्रपाळीत चालू असेल तर टूल जॉबमध्ये असतानाच प्रोग्राम तुटतो. अपडेटची वेळ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बांधून टाका, आणि पीसीला यूपीएस द्या. आतला पीसी ‘सेव्ह स्टेट’ करून थांबवण्यापेक्षा रोज नीट शटडाउन करा; गोठवलेल्या मशीनमधल्या जोडण्या दुसऱ्या दिवशी जाग्या होत नाहीत.

सगळं जमलं की व्हर्च्युअल मशीन बंद करून तिचं अख्खं फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क शेडमध्ये ठेवू नका, घरी न्या. प्रत्येक तारेचा पत्ता, कार्डाचा प्रकार, मॅक पत्ता आणि कॉम पोर्टचा नंबर एका कागदावर लिहून पीसीच्या कॅबिनेटला आतून चिकटवा. हे सगळं ज्याला येतं तो सेटर उद्या सुप्याला किंवा चाकणला चांगल्या पगारावर जाऊ शकतो.

पहिला प्रोग्राम पाठवताना मशीनवर जॉब लावू नका. सुट्टीच्या दिवशी एक मोठा, जुना, खात्रीचा प्रोग्राम आतल्या पीसीतून मशीनमध्ये पाठवा, मग तोच मशीनमधून ‘पंच’ करून परत आतल्या पीसीत घ्या, वेगळ्या नावाने. जुन्या विंडोजमध्ये दोन फाइली ताडून पाहणारी ‘एफसी’ कमांड आहे, तिने मूळ आणि परत आलेली फाइल तपासा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टक्केवारीच्या चिन्हाभोवती थोडा फरक येऊ शकतो, पण मधल्या एकाही ब्लॉकमध्ये अक्षर किंवा आकडा बदललेला चालणार नाही. बदलला असेल तर बॉड रेट निम्मा करा, मशीनमध्येही आणि सॉफ्टवेअरमध्येही, आणि पुन्हा पाठवा. जुळलं की टूल वर घेऊन, फीड ओव्हरराइडवर हात ठेवून एकदा हवेत चालवा. आठवडाभर कामं अशी नीट गेली की जुन्या पीसीची हार्ड डिस्क काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवा आणि मग बाकीचा डबा भंगारात द्या.